ऊन खाणारी मगर

२०२४ च्या गणपतीत आमच्या मंडळाच्या हॉलच्या भिंतीवर पाण्याची रेघ होती. पूर ओसरून आठ-दहा दिवसच झाले होते. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री काळाघोडा पुलापाशी ३५ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी २६ फूट आहे, हे बडोद्यातल्या शाळकरी पोरांनाही तेव्हा पाठ झालं. तळमजल्यावरच्या घरांतून गाद्या, फ्रिज, इन्व्हर्टर, लग्नाचे अल्बम रस्त्यावर येऊन पडले होते. मूर्ती लहान आणली, ऑर्केस्ट्रा रद्द केला. मग एका संध्याकाळी करायचं काय, असा प्रश्न कमिटीपुढे आला.

कोणीतरी म्हणालं, आपल्या पलीकडच्या सोसायटीतली मुलगी विद्यापीठात प्राणिशास्त्राचं एम.एस्सी. करते, तिला मगरींवर बोलू दे. त्या आठवड्यात मगरींइतका चर्चेचा विषय दुसरा नव्हता. पुराच्या पाण्यातून त्या सोसायट्यांच्या आवारात आल्या होत्या, आणि ज्याच्या फोनमध्ये मगरीचा व्हिडिओ नाही असा बडोदेकर सापडला नसता.

पोरगी आली, लॅपटॉप उघडला आणि इंग्रजीत सुरू झाली. तिचा दोष नाही. ती ज्या भाषेत शिकली त्याच भाषेत तिच्याकडे ते ज्ञान होतं. मध्येमध्ये ती मराठी क्रियापदं लावत होती. ‘हॅबिटॅट फ्रॅगमेंट होतो’, ‘फिमेल नेस्ट गार्ड करते’. पाच मिनिटांत मागच्या रांगांत गप्पा सुरू झाल्या. मग पडद्यावर काठावर पसरलेल्या मगरीचा फोटो आला आणि ती म्हणाली, ‘इथे ती बास्किंग करते आहे.’

पहिल्या रांगेतल्या आजींनी विचारलं, “म्हणजे काय करते आहे गं?”

ती अडखळली. “म्हणजे आजी, तिचं बॉडी टेम्परेचर… ती उन्हात…”

“ऊन खाते आहे म्हण की!”

तिथून पुढे ते भाषण राहिलं नाही. लॅपटॉप बाजूला राहिला. तिला मराठी येत नव्हतं असं नाही, हो. घरी ती मराठीतच भांडते. पण प्रयोगशाळेतली गोष्ट आणि स्वयंपाकघरातली भाषा एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या. त्या संध्याकाळी आजींनी त्यांची भेट घालून दिली.

प्रश्न एकामागून एक आले. मगर की सुसर? आपण जुन्या सवयीने दोन्हींना सुसर म्हणतो, पण लांब निमुळत्या तोंडाची घडियाल निराळी आणि ती विश्वामित्रीत नाही. आपली आहे ती रुंद जबड्याची, गोड्या पाण्यातली मगर. अंडी कधी घालते? फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत काठाच्या मातीत खड्डा करून, पंचवीस-तीस. पिल्लं जूनच्या सुमारास, म्हणजे पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. मग तिने एक गंमत सांगितली, जी मला माझ्या वयापर्यंत ठाऊक नव्हती. पिल्लू नर होणार की मादी, हे त्या खड्ड्यातल्या उबेवर ठरतं. साधारण ३२ अंशांच्या आसपास ऊब राहिली तर नर. त्याहून बरीच कमी किंवा जास्त असली तर माद्या.

“पिल्लं निघाली की आई जवळ असते का?” आजींचा पुढचा प्रश्न.

असते. पिल्लं आतून आवाज करतात, तो ऐकून ती माती उकरते आणि पिल्लांना तोंडात धरून पाण्यात नेते. ज्या जबड्याला आपण घाबरतो त्याच जबड्यात. आणि या जातीत कधीकधी बापही पिल्लं उचलून नेतो, हे मद्रासजवळच्या मगरकेंद्रात अभ्यासकांनी पाहून नोंदवलेलं आहे.

“म्हणजे तो तरी उचलतो!” आजी म्हणाल्या. हॉल हसला. पुरानंतर पहिल्यांदा.

त्यानंतर कामाच्या गोष्टी झाल्या. आवारात मगर दिसली तर गर्दी करायची नाही, फोटोसाठी जवळ जायचं नाही, मुलं आणि कुत्री आत घ्यायची, तिची परतीची वाट अडवायची नाही आणि वनखात्याला कळवायचं. पुरात वाहून आलेलं जनावर दमलेलं असतं, ते कोरडी जागा शोधत असतं. हे सगळं पेपरात छापून येतंच. पण समोर बसलेल्या माणसाला ‘आमच्या जिन्याखाली आली तर?’ असं विचारता येतं, तसं पेपराला विचारता येत नाही.

मग एक काका उठले. त्यांचं दुकान तळमजल्यावर. माल सगळा गेला होता.

“अभ्यास वगैरे ठीक आहे,” ते म्हणाले, “या मगरी उचलून एखाद्या धरणात सोडा ना एकदाच्या. आमचं काय चुकलं?”

ती मुलगी तेवीस वर्षांची. मला वाटलं, गडबडेल. ती म्हणाली की मगर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला मारणं किंवा मनाला येईल तशी पकडणं गुन्हा आहे. आणि एक जागा रिकामी केली की तिथे दुसरी मगर येते. मग जरा थांबून म्हणाली, “आणि काका, तुमचं दुकान मगरीने नाही बुडवलं.”

हॉल शांत झाला. काकांनी विचारलं, “मग कोणी बुडवलं? परत येणार का पूर?”

“मला माहीत नाही. तो माझा विषय नाही.” एवढं बोलून ती थांबली नाही, हे महत्त्वाचं. “पण कलाभवनात माझा एक मित्र पाण्याचंच शिकतो. त्याला घेऊन येते.”

काका चहाला थांबले नाहीत. त्यांना उत्तर मिळालं नव्हतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

आता कलाभवन म्हटलं की दांडिया बाजारात वाढलेल्या आपल्या पोरांना इंजिनिअरिंगची फॅकल्टी आठवते, वडापाव आठवतो, ॲडमिशनची रांग आठवते. ते कोणी आणि कशासाठी काढलं, हे फारसं कोणी विचारत नाही. मी विचारलं तर आमच्याच नातवाने ‘सयाजीरावांनी’ असं सांगितलं. अर्धं बरोबर. महाराजांनी पैसा आणि पाठबळ दिलं. डोकं होतं एका प्रोफेसरचं.

त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. जन्म १८६३, सुरतेचे, सुतारकाम करणाऱ्या घराण्यातले. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात शास्त्र शिकले आणि बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आले. त्या काळचा विज्ञानाचा प्राध्यापक म्हणजे कॉलेजच्या चार भिंतींत इंग्रजीतून शिकवणार, पोरं पास होऊन कारकून होणार. गज्जरांना ते पुरेसं वाटलं नाही. आपल्याकडचा रंगारी, सुतार, विणकर यांच्या हातात कसब आहे, पण युरोपातून आलेल्या नव्या रसायनांपुढे तो उघडा पडतोय, हे त्यांना दिसत होतं. जर्मनीचे कृत्रिम रंग बाजारात आले होते. वनस्पतींपासून रंग काढणाऱ्याच्या पिढीजात ज्ञानाची किंमत एकाएकी उतरली होती. नव्या रंगाची पुडी त्याच्या हातात होती, पण ती कापडावर पक्की कशी बसते आणि का बसत नाही हे त्याला सांगणारं कोणी नव्हतं. डब्यावरच्या सूचना त्याच्या भाषेत नव्हत्या.

१८९० मध्ये महाराजांच्या आश्रयाने कलाभवन सुरू झालं आणि गज्जर त्याचे पहिले प्रमुख झाले. तिथे रंगकाम होतं, विणकाम होतं, सुतारकाम, चित्रकला, यंत्रकला. शिकवायचं मातृभाषेतून, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी पुस्तकं हवीत, म्हणून महाराजांनी ५०,००० रुपये मंजूर केले, त्या काळचे! शास्त्रीय संज्ञांचा अनेक भाषांतला कोश करायची योजनाही गज्जरांच्या डोक्यात होती. शिवाय ‘रंगरहस्य’ नावाचं त्रैमासिक त्यांनी चालवलं, रंगाच्या रसायनशास्त्रावरचं. विचार करा, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एक प्रोफेसर, ज्याला वाटलं असतं तर तो फक्त परदेशी नियतकालिकांत नाव छापून आणण्याच्या मागे लागला असता, तो कापड रंगवणाऱ्यांच्या धंद्यासाठी त्रैमासिक काढतो.

याच कलाभवनात दादासाहेब फाळके शिकून गेले, हे सांगितलं की पोरं मान वर करतात. फाळके सगळ्यांना माहीत असतात.

गज्जरांची आणखी एक गोष्ट आहे, ती सांगताना मला नेहमी थोडं अवघडल्यासारखं होतं. १८९६ मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यावर चापेकर बंधूंनी डांबर ओतलं. संगमरवराला लागलेलं डांबर काही केल्या निघेना. ते काढलं गज्जरांनी, रसायनांचा उपयोग करून, आणि त्यांचं नाव सगळीकडे झालं. आपण चापेकरांच्या बाजूचे. तरी डाग कसा निघाला असेल याचं कुतूहल आपल्याला असतंच. दोन्ही एकाच मनात राहू शकतं. पिवळे पडलेले मोती स्वच्छ करायची युक्तीही त्यांनीच शोधली. पुढे ते मुंबईला गेले, गिरगावात स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि त्यांच्या तालमीत तयार झालेल्या कोटिभास्कर आणि अमीन या दोघांच्या बरोबरीने १९०७ मध्ये ॲलेम्बिकचा पाया घातला गेला. कोटिभास्कर हे आडनाव वाचून आपल्यातल्या काहींचे कान टवकारतील. टवकारू देत. गोरव्याकडे जाताना ॲलेम्बिकची भिंत लागते, तेव्हा एवढं आठवलं तरी पुरे.

तर त्या मुलीचा मित्र आला. पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी. मुलगा गुजराती, बोलला गुजरातीत, आणि कोणालाही काही अडलं नाही. आपल्याकडे काही मंडळी लगेच म्हणतात की मंडळाच्या कार्यक्रमात मराठीच हवं. मला ते तितकंसं पटत नाही. विचारणाऱ्याला कळेल ती भाषा हवी. आजींना गुजराती मराठीइतकंच येतं, त्यांची शाळाच तशी होती.

त्याने फळ्यावर नदी काढली. पावागडच्या डोंगरातून निघणारी, शहरातून वळणं घेत जाणारी, उतार फार नाही अशी. वरच्या अंगाला आजवा, सयाजीरावांच्या काळात पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेलं. खाली ती ढाढरला मिळते. वर पाऊस, शहरात पाऊस आणि ढाढरलाही पूर, असं एकदम झालं की पाण्याला जायला वाट नाही. ते आडवं पसरतं. पूर्वी पसरायला तलाव होते, खोलगट माळ होते, मोकळ्या कांस होत्या. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: कांस म्हणजे आमच्याकडचा पावसाळी ओढा.) त्यातल्या किती बुजल्या, किती अरुंद झाल्या, आणि त्यांच्यावर काय उभं आहे, हे त्याने नकाशावर दाखवलं. दाखवताना एके ठिकाणी त्याचं बोट आमच्याच सोसायटीच्या पार्किंगवर थांबलं. कोणी काही बोललं नाही.

मग तो म्हणाला, “पुलावरचा आकडा माझ्याकडे आहे. तुमच्या गल्लीत पाणी किती चढलं तो आकडा माझ्याकडे नाही. तो तुमच्या भिंतीवर आहे.”

त्याला आमच्याकडून काही हवं होतं, हे ऐकून लोक सावरून बसले. आजवर विद्यापीठातून आमच्याकडे जे कोणी आले ते सांगायला आले. बॅनर लागतो, दीपप्रज्वलन होतं, पाहुण्यांचा परिचय पंधरा मिनिटं, व्याख्यान चाळीस मिनिटं, ‘वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत’, आभार, समोसा. एकदा एका संस्थेची पोरं हातात फलक घेऊन आमच्या रस्त्यावरून जनजागृती फेरी काढून गेली. पाणी वाचवा. त्या दिवशी आमच्याकडे पाणीच आलं नव्हतं. फोटो मात्र निघाले. अशा कार्यक्रमांना मी विरोध करत नाही, पण त्यातून घरी काय आलं असं विचारलं तर समोशाशिवाय आठवत नाही.

याच्या उलट उदाहरण द्यायचं तर नारळीकरांचं. जयंत नारळीकर गेले त्याला अजून फार काळ लोटलेला नाही (२० मे २०२५), तेव्हा बहुतेकांनी लेख वाचले असतील. विश्वाच्या उत्पत्तीवरचं त्यांचं काम, केंब्रिज, आयुका हे सगळं त्यात आलं. मला आठवतं ते पोस्टकार्ड. व्याख्यान संपलं की पोरं सहीसाठी वही पुढे करायची. ते सांगायचे, सही नको, तुझा विज्ञानातला प्रश्न पोस्टकार्डावर लिहून मला पाठव. उत्तर लिहून खाली सही करून पाठवतो. आणि पाठवायचे. सही हवी असेल तर आधी प्रश्न सुचायला हवा!

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांना त्यांच्यातली दुसरी एक गोष्ट माहीत असायला हवी. जन्म कोल्हापूरचा, पण ते वाढले बनारसला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तिथल्या हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. शाळा हिंदीच्या मुलखातली, घर मराठी. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखंच. नंतर केंब्रिज. तरीही १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी मराठीतून कथा पाठवली, आणि तीही टोपणनावाने. जयंत विष्णु नारळीकर या नावाची आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. कथा होती ‘कृष्णविवर’. पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उलगडा झाला. नाव बघून बक्षीस दिलं असं कोणी म्हणू नये, एवढा चोखपणा. ‘आम्ही बाहेर वाढलो, आमचं मराठी कच्चं’ असं जेव्हा आपली मुलं म्हणतात तेव्हा मी हे सांगतो. ती कंटाळतात. मी परत सांगतो.

पण सगळ्यांनी नारळीकर व्हायची गरज नाही, आणि आमच्या प्राणिशास्त्रवालीने ते दाखवलं. तिला नंतर मी विचारलं, “पुन्हा येशील का बोलायला?” ती म्हणाली, “काका, येईन. पण स्लाइड्स नाही आणणार. आणि आजी पहिल्या रांगेत हव्यात.” तिने एक वही केली आहे. डाव्या बाजूला कॉलेजचा शब्द, उजव्या बाजूला आजींचा. बास्किंग, ऊन खाणं. क्लच, एका विणीची अंडी. एका शब्दाला आजींनाही काही सुचलं नाही, तिथे तिने जागा कोरी ठेवली आहे. गज्जरांचा कोश म्हणजे याचंच मोठं रूप असणार.

तिच्या बाजूने एक अडचण आहे, तीही सांगतो. हे सगळं करण्याचे तिला मार्क मिळत नाहीत. गाइडने सुट्टी दिली, पण ‘आधी थिसिस’ असंही म्हटलं. बरोबरच आहे त्यांचं. तिच्या आईचं म्हणणं, मंडळाच्या नादाने परीक्षा बुडेल. तेव्हा पुढच्या वेळी आम्ही तिला सबमिशन झाल्यावरच बोलावणार आहोत. आपल्या घरातल्या पोरांना जेव्हा आपण ‘दोन शब्द बोल’ म्हणून उभं करतो, तेव्हा त्यांच्या वेळेचाही विचार करावा. फुकटचं पोरगं हाताशी आहे म्हणून दरमहा भाषण, असं नको.

भिंतींचं सांगायचं राहिलं. पहिल्या रविवारी तेरा घरं झाली. मोजायची रीत त्याने शिकवली: रेघ फरशीपासून किती उंच, आणि फरशी रस्त्यापासून किती उंच, दोन्ही वेगवेगळी लिहायची, कारण प्रत्येकाचं जोतं निराळं. फूट-इंचात चालेल. पाणी कुठल्या बाजूने शिरलं, रस्त्यावरून, मागच्या कांसेतून की संडासातून उलटं, तेही लिहायचं. आजींनी त्यांच्या सासूबाईंकडून ऐकलेल्या १९२७ च्या पुराची खूण जुन्या वाड्याच्या खांबावर दाखवली. त्याने तीही मोजली, पण वेगळ्या पानावर, शेजारी ‘ऐकीव’ असं लिहून. आजींना ते आवडलं नाही.

अडचण एकच आली. दिवाळी तोंडावर होती आणि सगळ्यांनी रंगारी बोलावले होते. रेघा भराभर पुसल्या जात होत्या. पुसाव्यात असंच वाटणार, रोज कोण बघत बसेल ती रेघ? बऱ्याच घरी आम्ही पोचेपर्यंत पांढऱ्या भिंती झाल्या होत्या आणि लोक हाताने अंदाजे दाखवत होते, ‘एवढं, कमरेपर्यंत.’

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी त्या दुकानवाल्या काकांचा फोन आला. चहाला न थांबलेले तेच. म्हणाले, “दुकान रंगवून घेतलं. रंगाऱ्याला सांगून दाराजवळचा वीतभर पट्टा सोडलाय. त्या पोरांना पाठवता का? गिऱ्हाईक विचारतं, हे असं काय ठेवलंय.”

मी आणि तो मुलगा गेलो. टेप धरायला काका स्वतः वाकले. फरशीपासून चार फूट सात इंच. त्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला आणि पट्ट्याच्या कडेला पेन्सिलीने तारखेसकट लिहिला. मग मुलाला विचारलं, “तुझं ते नकाशाचं काम झालं की मला दाखवशील ना? समजेल असं?” तो हो म्हणाला. यावेळी चहा काकांनी मागवला.

ज्यांच्या घरातली खूण अजून शिल्लक आहे त्यांनी मंडळाच्या ऑफिसात दोन्ही मापं लिहून द्यावीत. मापांची वही कपाटाच्या वरच्या खणात आहे, शिपाई काढून देईल.